अकराचे ऊन

गेल्या वर्षी आश्विनात मी आमच्या सोसायटीच्या चिटणिसांकडे गच्चीची किल्ली मागायला गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून विचारले, "कशाला हवी?"

"ऊन खायला," मी म्हणालो.

ते हसले. सकाळी सहाला टाकीचे पाणी बघायला रखवालदार वर जातोच, त्याच्याबरोबर जावे, कोवळे ऊन प्रकृतीला फार चांगले, असा सल्लाही त्यांनी दिला. मी म्हणालो, "कोवळं नको. मला अकराचं हवंय." ह्यावर चिटणिसांनी माझ्यामागे उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवतींकडे जी नजर टाकली, तिचा अर्थ 'ह्यांचं हल्ली असंच चाललंय का?' असा होता. हिने काही उत्तर दिले नाही. प्लास्टरमधून नुकताच सुटलेला आपला उजवा हात डाव्या हाताने जपत ती नुसती उभी होती.

त्या हातापायीच तर किल्लीची गरज पडली होती. भाद्रपदात ही न्हाणीघराच्या उंबऱ्यावर अडखळली आणि मनगट मोडून बसली. उंबरा तो केवढा! दोन बोटांचा. पण तेवढ्यावरून हाड मोडले म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले, आणि 'ड' जीवनसत्त्वाचा जो आकडा निदान वीसच्या वर असायला हवा, तो हिच्या कागदावर सात निघाला. डॉक्टर वयाने तरुण आणि स्वभावाने खट्याळ. म्हणाले, "काका, काकूंना काय तळघरात ठेवलं होतंत?"

मी हसलो. घरी येईपर्यंत ते हसू पार मावळले होते, कारण डॉक्टरांच्या थट्टेत बरेच तथ्य होते.

ते सांगायचे तर आधी माझ्या लहानपणापर्यंत मागे जावे लागेल. मी वऱ्हाडाच्या पलीकडचा, वर्धा जिल्ह्यातला. आमच्याकडे ऊन हा हवामानाचा प्रकार नसून घरातला एक तापट वडीलधारा माणूस आहे. तो जागा असेपर्यंत मुलांनी आवाज करायचा नाही. दाराला वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाण्याचे शिपके, खिशात कांदा, डोक्याला ओले उपरणे. रोहिणी नक्षत्रात नवतपा सुरू झाला की दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नसे.

१९६३ सालच्या वैशाखात माझे बापूकाका एका लग्नाहून परतत होते. मी तेव्हा नऊ वर्षांचा. रेंगीत बायकामुले बसली होती, म्हणून काका आणि आणखी दोघे तिच्यामागून चालत आले. चार कोसांची वाट, वेळ बाराची. काका तिशीतले, अंगाने दणकट, आखाड्यात जाणारे. ओसरीवर येऊन बसले आणि काहीतरी असंबद्ध बोलू लागले. आम्हां मुलांना ती गंमत वाटली. मग आजीने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ताप आहे याला." अंग निखाऱ्यासारखे तापलेले, पण घामाचा टिपूस नाही. ताप म्हटल्यावर घरात जे करीत तेच सगळ्यांनी केले. माजघरात निजवले, वर घोंगडी घातली, दारे लावून घेतली. तळपायांना कांद्याचा रस चोळला. दिवेलागणीला काका गेले.

आज कुठलाही डॉक्टर सांगेल की तो ताप नव्हता. तापात शरीर आपण होऊन उष्णता वाढवते. ऊन लागते तेव्हा शरीराचे उष्णता बाहेर टाकण्याचे यंत्रच बंद पडते, आणि पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. अशा माणसाला उघडे करावे, अंगावर पाणी ओतीत राहावे, पंख्याने वारा घालावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणीदेखील घालू नये. आमच्या घरात विहिरीचे गार पाणी होते, पंखे होते, वारा घालायला डझनभर हात होते. नव्हती ती एवढी माहिती. ती घोंगडी मीच आणून दिली होती. नऊ वर्षांच्या मुलाला कोणी दोष दिला नाही, मोठ्यांनीही एकमेकांना दिला नाही. पण त्यानंतर आई आम्हांला चार वाजेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसे, आणि ती गेल्यावरही तिचा हा नियम माझ्या अंगात राहिला तो राहिलाच.

आजी मात्र दर वैशाखात रेणुकेची गोष्ट सांगे. महाभारताच्या अनुशासनपर्वातली ती कथा. जमदग्नी बाण सोडण्याचा खेळ खेळत होते आणि रेणुका ते वेचून आणीत होती. ज्येष्ठातली दुपार. तिचे डोके तापले, पाय भाजले, ती घटकाभर झाडाखाली थांबली. उशीर का झाला, ते ऐकून जमदग्नींनी सूर्यावरच धनुष्य रोखले. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या रूपाने आला आणि त्याने छत्री नि पायताण दिले. आजी गोष्ट इथे थांबवी आणि म्हणे, "पाहिलंस? स्वतःचा ताप काही त्यानं रत्तीभर कमी केला नाही. छत्री दिली!" (जमदग्नींनी बाण सोडायचा तो वैशाख-ज्येष्ठ टाळून थंडीत का सोडला नाही, असे मी एकदा विचारले होते. आजीने मला पाणी आणायला पाठवले.)

हिचे माहेर साताऱ्याकडचे. तिकडे उन्हाचे माणसाशी असे वैर नाही. तिला ऊन म्हणजे कामाला मदत करणारी मोलकरीण वाटते. गहू, मिरच्या, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, सगळे उन्हात. आणि त्यांच्याबरोबर ही. आम्ही पुण्यात ह्या सदनिकेत राहायला आलो, ते गॅलरी दक्षिणेला आहे म्हणून, आणि तो हट्ट तिचा होता. दर चैत्रात ती गॅलरीत कुरडया घालायची आणि मी आतून ओरडायचा, "अगं, आत ये!" एका वर्षी ती दोन तास उन्हात उभी राहिली, चेहरा लालबुंद झाला. मला एकदम ओसरीवरचे बापूकाका दिसले. महिनाभरात मी गॅलरीला सरकत्या काचा बसवून घेतल्या. धूळ येणार नाही, कबुतरे येणार नाहीत, ऊनही आत येईल, असे मी तिला पटवून दिले. ती म्हणाली, "काचेतलं ऊन उष्ट्यासारखं लागतं हो." मी ते बायकी बोलणे म्हणून सोडून दिले.

तिचे बोलणे शब्दशः खरे होते, हे मला डॉक्टरांनी सांगितले. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी आखूड लहरींचे किरण त्याच्यावर पडले की त्यापासून 'ड' जीवनसत्त्व तयार होते. हे आखूड किरण साध्या काचेतून आत येतच नाहीत. ऊब येते, उजेड येतो, त्वचा रापवणारे लांब लहरींचे किरणही बरेच येतात, आणि जे हवे तेवढे बाहेर राहते. नऊ वर्षे आमची ही त्या काचेमागे खुर्ची टाकून उन्हात बसत होती आणि तिच्या हाडांना त्यातले काहीही पोचत नव्हते. दोन वर्षांपासून ती म्हणत होती की पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, मांड्यांत जोर राहिला नाही, कंबर ठणकते. मी काय केले? पाट काढून उंच खुर्ची आणली. स्नायूंची अशी दुर्बलता हे त्या उणिवेचे ठळक लक्षण आहे, हे मला कुठे ठाऊक होते!

मग मी, निवृत्त मास्तराला शोभेल असा, ह्या विषयावरच्या वाचनाच्या मागे लागलो. त्यात दोन गोष्टी अशा सापडल्या की त्या मी भेटेल त्याला ऐकवीत असतो. पहिली बर्लिनची. १९१९ साली हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले. मुले सुधारली. पण मौज अशी की प्रकाश एकाच हातावर टाकला तरी दुसऱ्या हाताची हाडेही भरून येऊ लागली. म्हणजे कातडीवर पडलेला उजेड रक्तातून साऱ्या देहात हिंडत होता. दुसरी गोष्ट आपल्या घरची. १९२२ साली हचिसन आणि शाह ह्यांनी मुंबई इलाख्यातल्या मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना काय दिसले? खाऊनपिऊन सुखी घरांतल्या, पडद्यात राहणाऱ्या बायका आणि त्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत वाढणारी मुले ह्यांची हाडे वाकत होती. आणि ज्यांच्या ताटात धड काही नव्हते, पण ज्यांचा दिवस उघड्यावर जाई, त्या गरिबांत हा रोग क्वचितच होता. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि आमच्या गॅलरीकडे पाहिले. पडदा कापडाचाच असतो असे थोडेच आहे!

आणि कोवळ्या उन्हाचे काय? त्याची स्तुती आपण पिढ्यान्पिढ्या करीत आलो, तान्ह्या मुलांना तेल लावून त्यात निजवीत आलो. सुखाला ते ऊन उत्तमच. पण सकाळी किरण तिरपे येतात, त्यांना हवेच्या जाड थरातून वाट काढावी लागते, आणि ओझोन नेमके ते आखूड किरण वाटेतच गिळून टाकतो. आपली सावली आपल्याहून आखूड झाली की समजावे, आता ते पोचू लागले. पुण्यात दिवाळीच्या सुमारास ही वेळ दहा-साडेदहाला येते. सूर्यनमस्काराचा प्रसार औंधच्या पंतप्रतिनिधी राजेसाहेबांनी केवढ्या हौसेने केला. आमच्या इमारतीत आता ते बंद दिवाणखान्यात, गार हवेच्या यंत्राखाली घातले जातात. सूर्याने खिडकीतून बघावे एवढीच सोय.

हे सगळे कळूनही मला वर जायची भीती वाटत होती, हे कबूल केले पाहिजे. डॉक्टरांनी ती काढली नाही. तिची नीट वाटणी करून दिली. मारते ती उष्णता. हाडाला लागतो तो प्रकाश. वैशाखात दोन्ही एकदम येतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. लडाखच्या थंडीत माणूस कुडकुडत असतो आणि त्याच वेळी त्याचे नाक उन्हाने सोलून निघत असते. म्हणजे प्रकाशही साधा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९२ साली सूर्यकिरणांना कर्करोगकारक गोष्टींच्या यादीत बसवले आहे. आपल्या सावळ्या रंगाची छत्री जन्माबरोबर मिळालेली असल्यामुळे आपल्याला तो धोका गोऱ्यांच्या मानाने पुष्कळच कमी. पण त्याच छत्रीमुळे आपल्याला उन्हात बसावेही जास्त वेळ लागते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला हेच किरण हातभार लावतात, म्हणून डोक्यावर टोपी, डोळ्यांवर छाया, आणि पाठ-हात-पाय उघडे. कातडी तांबूस व्हायच्या आत उठायचे. आरंभी दहा मिनिटे, मग अर्धा तास, आठवड्यातून तीन-चार दिवस.

डॉक्टरांनी साठ हजार युनिटांच्या पुड्याही दिल्या, आठवड्याला एक, तेही दोन महिनेच. संपल्यावर मी आणखी घेऊ का, असे विचारले, तर ते एकदम गंभीर झाले. गोळ्यापुड्यांचा अतिरेक झाला तर रक्तात चुना वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. उन्हाने तयार झालेल्या जीवनसत्त्वाचा मात्र असा अतिरेक होत नाही. जास्तीचे ऊनच मोडून टाकते. ह्या एका बाबतीत आमच्या तापट वडीलधाऱ्याला मात्रा कळते, हे ऐकून मला त्याच्याविषयी प्रथमच थोडी आपुलकी वाटली.

किल्ली मिळाली. पहिल्या दिवशी आम्ही दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन वर गेलो. हिने टाक्यांच्या पलीकडे, भर उन्हात, पाठ करून खुर्ची मांडली, पदर खांद्यावरून सारला आणि डोळे मिटले. मी टाकीच्या सावलीत, छत्री उघडून, घड्याळ हातात धरून बसलो. दर दोन मिनिटांनी विचारी, "चक्कर येत नाही ना? घाम येतोय ना?" पाचव्या वेळी ती डोळे न उघडता म्हणाली, "अहो, घाम येतोय. बघायचाय?"

मी उठून बघितला. मानेवर, केसांच्या कडेला, बारीक थेंब होते. मी बोट लावून पाहिले. ओले होते. हिला मी बापूकाकांची सारी हकीकत लग्नानंतर एकदाच सांगितली होती, घोंगडीसकट. तिने माझे बोट तसेच धरून ठेवले आणि म्हणाली, "बसा इथं जरा. सावली नाही पळून जात." मी छत्री मिटली.

ह्या वर्षी हिचा आकडा एकतीस आला. मनगट थंडीत ठणकते, ते तसेच राहील असे डॉक्टर म्हणतात. माझा आकडा पंधरा निघाला, हे मी चिटणिसांना सांगितलेले नाही. दसऱ्याच्या आधी कारागीर बोलावून गॅलरीच्या मधल्या दोन काचा काढून टाकल्या. आता धूळ येते, आणि एक कबुतर दोनदा आत येऊन गेले. ही मुकाट्याने धूळ पुसते. काल अकराला मी हाक मारली तर तिथून उत्तर आले, "चिवड्याचे पोहे उन्हात टाकतेय. तुम्ही व्हा पुढं, आलेच मी."