पोटरीतला शकुन

चि. निखिल यास,


ताईचा फोन आला होता. पोटऱ्या उडतात म्हणून तू रात्र रात्र जागतोस आणि मोटर न्यूरॉन आजाराचं प्रकरण वाचल्यापासून तुझं अभ्यासात लक्ष नाही, असं ती म्हणाली. तू मेडिकलचा विद्यार्थी, तुला मी काय वैद्यक शिकवणार? पण हे उडणं घेऊन मी कित्येक वर्षं संसार आणि नोकरी केली आहे, त्या अधिकाराने लिहिते.

दिवा लावून बघितलंस ना? कातडीखाली मासोळी वळवळावी तसं दिसतं. पाय ताणला की थांबतं, सैल सोडला की पुन्हा सुरू. कधी पापणी, कधी दंड, कधी अंगठ्याच्या मुळाशी. मग माणूस स्वतःला तपासत बसतो. चवड्यांवर उभं राहून बघायचं, दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजायचा. यानेच जीव दमतो. थकलेला स्नायू जास्त उडतो, त्यात जागरण आणि कॉफीची भर, आणि भीती तर आहेच.

आमची आजी डोळा लवला की उजवा की डावा ते आधी विचारायची. शाकुंतलात आश्रमात शिरताना दुष्यंताचा उजवा बाहू स्फुरतो आणि तो त्यात शकुन बघतो. स्नायूच्या उडण्यात भविष्य शोधायची आपली खोड फार जुनी आहे. तुझी भीती त्याच जातीची आहे, फक्त तिला पाठ्यपुस्तकाचा आधार मिळालाय.

माझ्या डॉक्टरांनी मला तळहातावर पाऊल दाबायला लावलं, हातोडीने गुडघे-घोटे ठोकून पाहिले, थायरॉइड आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी रक्त तपासलं. मग पोटरीत बारीक सुई घालून ईएमजी केलं. सुई टोचताना दुखलं. शेवटी ते म्हणाले, "ताकद शाबूत आहे, स्नायू झिजलेला नाही. मला तेवढंच बघायचं होतं." मोटर न्यूरॉनच्या आजारात माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा हातातली वस्तू सुटते, पाऊल अडखळतं, बोलणं जड होतं म्हणून. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तुझ्या-माझ्यासारख्या १२१ जणांचा २ ते ३२ वर्षं मागोवा घेतला आणि १९९३ साली तो छापला. त्यातल्या एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झाला नाही. त्या मंडळींत आरोग्यसेवेत काम करणारेही बरेच होते. पुस्तकात वाचलेला रोग स्वतःच्या अंगात शोधणारा तू पहिला नाहीस.

माझं उडणं गेलेलं नाही. दगदग झाली की वाढतं, चार दिवस पुरेशी झोप मिळाली की कमी होतं. त्यावर मी गोळी घेत नाही, आणि त्याच्यासाठी एकही काम अडवून ठेवलेलं नाही.

तुझ्या कॉलेजच्या न्यूरॉलॉजीच्या सरांना या आठवड्यात एकदा दाखव. एकदाच. त्यांनी ठीक आहे म्हटलं की ती टेप ताईच्या शिवणाच्या डब्यात परत ठेव. पुढे कधी खरोखर ताकद कमी वाटली, तर लगेच त्यांच्याकडे जा. नुसतं उडतंय म्हणून मात्र जाऊ नकोस.

परीक्षा संपली की इकडे ये.

तुझी,
मावशी