पायरीवरची माती

खानदेशचा उन्हाळा ज्याने अंगावर काढलाय, त्याला इथे एकेकाळी जमिनीतून आग वाहत होती असं सांगितलं तर तो फारसा दचकत नाही. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो, तेव्हा तो डोक्याला रुमाल आवळत म्हणेल, होती म्हणजे? अजून आहेच की! पण मग ज्वालामुखी दाखवा म्हटलं तर दाखवायला काही नाही. टोकदार शिखर नाही, मुख नाही, धुराचा मागमूस नाही. उत्तरेला सातपुडा आडवा पसरलाय, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून तापी. दोन्हीकडचे डोंगर माथ्याला सपाट, जणू कुणीतरी वरून रंधा मारलाय.

ज्वालामुखी इथे डोंगरातून आलाच नाही. तो जमिनीच्या भेगांतून आला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि पाण्यासारखा पसरला. थरावर थर. त्या भेगा मात्र अजून पाहता येतात. साक्रीकडून नंदुरबारच्या बाजूला जाताना शेतांमधून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जाताना दिसतात. बांध, शिवार, तालुका कशालाही न जुमानता सरळ पूर्व-पश्चिम. शेवटचा लाव्हा भेगेतच गोठला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, आणि भेगेची भिंत झाली. भूशास्त्रज्ञांनी धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भिंती मोजल्या आहेत. काही ६० मीटरपर्यंत जाड, आणि एक तर जवळजवळ ७९ किलोमीटर लांब. भूगर्भातलं पाणी ही भिंत कुठे अडवते, कुठे वाट करून देते. एकाच्या विहिरीला चैत्रातही पाणी, आणि भिंतीपलीकडच्या सख्ख्या भावाची विहीर संक्रांतीलाच तळाला. वाटणीच्या वेळी हे कुणाच्या लक्षात येतं?

ज्वालामुखीची माती म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर जावा बेट येतं, जपान येतो. तिथे राख पडते, प्यूमिस पडतो. प्यूमिस म्हणजे फेसाळलेल्या लाव्ह्याचा इतका पोकळ दगड की पाण्यावर तरंगतो. शहरात टाचा घासायला विकत मिळतो तो. त्या राखेची माती हलकी असते, भुसभुशीत, पाणी धरून ठेवणारी. मेरापीसारखा डोंगर अधूनमधून पेटतो, माणसं मारतो, आणि मागे राहिलेल्यांच्या वावरांवर नवी राख टाकून जातो. खानदेशच्या नशिबी तो प्यूमिस नाही. इथला लाव्हा पातळ होता. त्यातला वायू स्फोट न करता बुडबुड्यांनी निघून गेला. पण निघता निघता प्रत्येक थराच्या माथ्यावर जाळी पाडून गेला, तुपात सोडलेल्या अनारशाला पडते तशी. खाली घट्ट काळा पाषाण, वर हा जाळीदार थर. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात त्या यातूनच झाल्या. काळा पाषाण उभा कडा होऊन राहतो, मांजऱ्या झिजतो, खचतो, आडवा होतो. त्या आडव्या जागेवर मुरूम साठतो, मुरमावर पाला, आणि पाल्यात जंगल मूळ धरतं.

तोरणमाळला चढणाऱ्या घाटाला सात पायरी हे नाव उगीच पडलेलं नाही. १९९८ पर्यंत तोरणमाळ धुळे जिल्ह्यातच होतं, आता नंदुरबारमध्ये. चढताना डोंगर टप्प्याटप्प्याने मागे सरकतो. कड्यावर झाड नाही, नुसता खडक आणि वाळलं गवत. पायरी आली की साग, धावडा, सालई, मोह. मध्येच दोन थरांच्या सांध्यात विटकरी तांबडा पट्टा दिसतो. एक थर गोठून पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा खडक कुजून माती झाली होती. पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. लोक त्याला गेरू म्हणतात. पाणी वरून झिरपत येतं, या चिकण तांबड्याशी थबकतं आणि आडवं चालू लागतं. डोंगरातले झिरे बऱ्याचदा अशा सांध्यावरच फुटतात, आणि पाडे झऱ्यांच्या आधाराने वसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भाजलेल्या मातीने आज कुणाची घागर कुठे भरायची ते ठरवावं, याची मला गंमत वाटते.

यावल अभयारण्यात, पालच्या बाजूला, वादळाने उन्मळलेला एक साग पाहिला. मुळांचा गड्डा उभा झाला होता, त्यामुळे पायरीचा छेद आयता समोर आला. वर पाल्याचा थर, अर्धा कुजलेला, बोटांना ओलसर. त्याखाली वीतभर काळी माती, दाणेदार, मुळांच्या केसांनी विणलेली. मग लगेच पिवळट मुरूम, आणि मुरमात अडकलेले पांढरे खडे. बस. एवढ्या वीतभर ऐवजावर तीस-चाळीस फुटांचं झाड उभं होतं. शेजारच्या कड्याच्या धारेवर अंजन होता, त्याला तेवढ्याचीही गरज नव्हती. अंजन खडकाच्या फटीत मूळ घालतो आणि खडकालाच माती व्हायला लावतो. खानदेशच्या तापल्या डोंगरात अंजनाइतका चिवट जीव दुसरा नाही.

ते पांढरे खडे मात्र साधे नव्हेत. लाव्ह्याच्या जाळीत पुढे गरम पाणी फिरलं, आणि पोकळ्यांमध्ये झिओलाइट आणि त्याच्या सोबतीची खनिजं जमली. जळगावच्या खाणींतला अपोफिलाइट आणि स्टिलबाइट जगभरच्या संग्रहालयांत काचेच्या कपाटांत बसलाय. काही स्फटिक पाण्यासारखे नितळ, काही फिकट गुलाबी. खडी फोडणाऱ्याला त्याचं कौतुक नसायचं, दलालाला आहे. पण झिओलाइटचं खरं काम कपाटाबाहेर चालतं. इतक्या उष्ण प्रदेशात डोंगरावर पाऊस पडत राहिला की मातीतला चुना धुऊन जायला हवा आणि मागे आंबट, निःसत्त्व तांबडी माती उरायला हवी. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सातपुड्यात आणि सह्याद्रीत पाहिलं की जिथे खडकात झिओलाइट आहे तिथे तसं होत नाही. हे खनिज झिजत झिजत कॅल्शियम सोडत राहतं, आणि जंगलाखालची माती काळी, सकस राहते. जावाच्या शेतकऱ्याला वरून राख मिळते. इथल्या डोंगराने आपल्या जुन्या बुडबुड्यांत शिधा भरून ठेवलाय. फरक एवढाच की हा शिधा नव्याने येणार नाही. वीतभर माती व्हायला हजारो वर्षं लागतात, आणि जायला एक उघडाबोडका पावसाळा पुरतो.

जाते कुठे? खाली. रावेर-यावलची केळी ज्या मातीत उभी आहे ती शेकडो फूट खोल आहे, आणि तिच्यातला मोठा वाटा सातपुड्याच्या पायऱ्यांवरून सुकी, मोर अशा नद्यांनी आणून टाकलेला आहे. डोंगर आणि मैदान यांच्या सांध्यात गोटे-वाळूचा पट्टा आहे. नद्या डोंगरातून सुटल्या की मोठे दगड तिथेच टाकतात, पाणीही बरंचसं तिथेच जिरतं, आणि बारीक माती पुढे तापीकडे जाते. ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सत्कार मैदानातल्यांचे झाले, ते रास्तच. कष्ट त्यांचे आहेत. पण सातपुड्यात कुणी सागाची मोळी तोडली की तो चोर, आणि त्याच डोंगराच्या मातीवर घड पोसणारा बागायतदार, हा हिशेब मला एकतर्फी वाटतो. साक्रीकडचा एक शेतकरी ज्येष्ठाच्या पहिल्या पावसात चिखलातून पाय उपसत म्हणाला होता, “हाई माटी पाय धरस, भो.” पाय धरते खरी, डोंगरावर मात्र तिचे पाय धरायला मुळांशिवाय कुणी नाही. आता धरणांत साठलेला गाळ उपसून शेतात टाकायची सरकारी योजना आहे. जी माती फुकट उतरली ती ट्रॉलीच्या भाड्याने वर चढते.

राख खानदेशाच्या अगदीच वाट्याला आली नाही असंही नाही. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातला तोबा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वाऱ्यावर समुद्र ओलांडून आली. जुन्नरजवळ बोरीला, कुकडीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात राखेचा थर शोधला. त्याच्या वयावरून पुढे बरीच वादावादी झाली. वऱ्हाडात पूर्णेच्या गाळातही अशी राख सापडली आहे. दिसायला फिकट, पिठासारखी. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र काचेचे बाकदार तुकडे, फुटलेल्या बुडबुड्यांच्या कडा. म्हणजे प्यूमिसच, फक्त दळून आलेला. ती राख डोंगरांवरही पडलीच असणार, पण पायऱ्यांवर टिकली नाही. पावसाने धुऊन नदीला दिली, आणि नदीने तिला गाळाखाली झाकलं म्हणून ती आपल्याला दिसली. हीच पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. तिथे संगमावर घाटाशी उभं राहिलं तर पाणी नुसतं गढूळ दिसतं. त्या गढूळपणात कुठल्या डोंगराचं काय आहे, ते निवडता येत नाही.

एकदा खाली गेलेली माती अशी हरवते; ती वरच थोपवली म्हणून साक्री तालुक्यातलं बारीपाडा मला महत्त्वाचं वाटतं. १९९०च्या सुमाराला तिथले डोंगर उघडे पडले होते. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तोड थांबवली, दंड ठरवला, उतारावर चर खणले, दगडी बांध घातले. आज चारशे हेक्टरांहून अधिक जंगल गाव राखतं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. वर जंगल थांबलं तेव्हा खाली भातखाचरात पाणी थांबलं, आणि गावाने चारसूत्री पद्धतीची भातशेती धरली. या भागात राब जुनाच: पालापाचोळा, शेण जाळून त्या राखेत नागलीचं, भाताचं बी पेरायचं. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्रीत पहिलंच सूत्र भाताच्या तुसाच्या काळ्या राखेचं. तुसात सिलिका असते, जी जावाच्या राखेतही भरपूर असते; ती रोपाच्या काडीत जाते आणि काडी ताठ उभी राहते. ज्वालामुखी राख द्यायला येत नाही, तर माणसांनी आपली आपण केली.

पायऱ्यांचं खरं सर्वेक्षण मात्र तिथल्या बायकांकडे आहे. बारीपाड्याला वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. डोंगरातून आणलेल्या भाज्या ताटांत मांडलेल्या असतात, एकीचं नाव माहीत तर चार अनोळखी. कडूकंद कुठल्या पायरीवर कोपरापर्यंत हात घालून निघतो आणि कुठे वीतभरातच मुरूम लागतो, चाईचा वेल कुठल्या झऱ्याच्या कडेला धरतो, कुठली जागा दोन वर्षं मोकळी सोडायची, हे त्या नकाशाशिवाय सांगतात. मी एकीला विचारलं, माती खोल आहे हे वरून कळतं कसं. तिने माझ्याकडे पाहिलं, ताटात नागलीची भाकरी टाकली, आणि म्हणाली, आधी खा, मग वर चल, दाखवते.