लाल कक्ष, पिवळे कक्ष

पूर्व विदर्भातल्या एका वनविभागासाठी वणव्याचा प्राधान्य-नकाशा मी तयार केला होता. अंगारी, म्हणजे आगीवर लक्ष ठेवून ती विझवणारे मजूर, आधी जंगलाच्या कुठल्या कक्षांत नेमायचे, ब्लोअर कुठल्या बीटला द्यायचे, पैसा कुठे आधी खर्च करायचा हे त्यावरून ठरणार होतं. तो नकाशा चुकला. कसा चुकला ते सविस्तर लिहिते, कारण असे नकाशे आता ठिकठिकाणी होत आहेत आणि त्याच चुका मला पुन्हा दिसतात.

पद्धत सरळ होती. उपग्रहांना दिसलेल्या आगींच्या सूचना देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून राज्यांना देते. मोडिस या संवेदकाचा एक ठिपका म्हणजे साधारण एक किलोमीटरचा चौकोन, नंतर आलेल्या व्हीआयआयआरएसचा 375 मीटरचा. मागच्या काही वर्षांचे ठिपके मी कक्षवार मोजले. मग उतार, उताराची दिशा, जंगलाचा प्रकार, रस्त्यापासून आणि गावापासूनचं अंतर अशा घटकांना गुण दिले आणि बेरीज केली. जास्त गुणांचे कक्ष लाल, त्याखालचे नारिंगी, मग पिवळे. सगळ्यांत जास्त वजन ठिपक्यांना होतं, कारण आग प्रत्यक्ष लागल्याचा तोच एक पुरावा माझ्याकडे होता.

बैठकीत नकाशा भिंतीवर लावला तेव्हा एक वनपाल उठून जवळ आले. विभागाच्या हद्दीला लागून लाल कक्षांची लांब रांग होती, तिच्यावरून बोट फिरवत म्हणाले, ‘‘मॅडम, ही आमची जाळरेषा आहे. हे आम्हीच जाळतो.’’

वणव्याचा हंगाम आपल्याकडे 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. त्याआधी हद्दीवर आणि कक्षांच्या मधून पट्टे आखून दोन्ही कडांचं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि मजूर उभे करून मधला भाग जाळून टाकायचा, म्हणजे पुढे आग आली तर तिला खायला काही उरत नाही. उपग्रहाला फक्त उष्णता कळते. ती वणव्याची की जाळरेषेची, हे त्याला कळत नाही. ज्या परिक्षेत्राने हे काम वेळेवर आणि नीट केलं होतं, तेच माझ्या नकाशात सर्वांत धोक्याचं ठरलं होतं. शेताच्या धुऱ्यांवर जाळलेला कचराही कडेच्या कक्षांच्या खात्यावर जमा झाला होता. शिवाय दोन-तीन दिवस धुमसणारी एकच आग प्रत्येक फेरीत नवा ठिपका देत होती आणि मी ती तितक्यांदा मोजली होती.

इथे थांबायला हवं होतं. जाळरेषांच्या नोंदी कागदावर होत्या, त्या नकाशावर चढवायला वेळ लागला असता आणि अहवालाची मुदत तोंडावर आली होती. मी अहवालाच्या शेवटी मर्यादांच्या परिच्छेदात एक ओळ घातली की काही ठिपके नियंत्रित जाळणीचे असू शकतात. ती ओळ कोणी वाचणार नाही हे मला ठाऊक होतं. नकाशा तसाच गेला.

त्या हंगामात एका पिवळ्या खोऱ्यातले अंगारी कमी करून लाल पट्ट्यात हलवले गेले. एप्रिलच्या अखेरीस ते खोरं पेटलं. नंतर मी तिथे गेले. नाल्याच्या काठापर्यंत जमीन काळी होती. सागाची कमरेएवढी रोपं उभी होती, पण सालीला नख लावलं की खाली हिरवं काही लागत नव्हतं. पुढच्या पावसात त्यांतली बरीच बुंध्यातून फुटली असतील, साग तसा चिवट असतो, पण दरवर्षी वरून जळून खालून फुटणारं रोप झाड होत नाही. एका जुन्या मोहाच्या बुडाशी माणूस बसेल एवढी पोकळी कोळसा होऊन आतून अजून गरम होती.

त्या खोऱ्यात आधी ठिपके कमी का होते, याचं उत्तर मला तिथल्या गावात मिळालं. मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. या छोट्या आगी सकाळच्या, झाडोऱ्याखालच्या. उपग्रहाची मुख्य फेरी दुपारी दीडच्या सुमाराची, तोवर बहुतेक विझलेल्या. ज्या विझत नव्हत्या त्या तिथला अंगारी विझवत होता. तो त्याच गावचा होता. कुठलं झाड कुठल्या घराचं, कोण किती वाजता वेचायला जातं, हे त्याला माहीत होतं. त्याच्या कामामुळे ठिपके कमी होते, आणि ठिपके कमी म्हणून मी त्याचंच काम काढून घेतलं. तो तिथे असता तर आग लागलीच नसती, असं मी म्हणू शकत नाही. पण लागलेली आग पहिल्या तासाभरात कोणाच्या तरी नजरेला पडली असती, एवढं नक्की म्हणता येतं.

दुसरी चूक विचारातलीच होती. अमेरिकेच्या वनसेवेने 2022 मध्ये वणव्यांसाठी दहा वर्षांचा आराखडा जाहीर केला आणि पश्चिमेकडच्या राज्यांत आधी दहा, पुढच्या वर्षी आणखी अकरा प्राधान्य-क्षेत्रं निवडली. साधारण अडीच लाख एकरांचा एक असे विभाग पाडून, कुठल्या विभागातली आग किती घरांपर्यंत पोहोचेल, याला त्यात मोठं महत्त्व आहे. तिथे सूचिपर्णी जंगलात आग शेंड्यांवरून पळते आणि वस्त्या जंगलात घुसलेल्या आहेत, म्हणून ते योग्य आहे. मी त्यातून वस्तीला द्यायचं वजन उचललं आणि उलट्या बाजूने लावलं: गाव जितकं जवळ तितका धोका जास्त. आपल्या पानगळीच्या जंगलात आग पाचोळ्यातून जमिनीलगत सरकते, घरं जाळण्याइतकी क्वचितच पोहोचते, आणि बहुतेक वेळा माणसानेच लावलेली असते. मात्र ती विझवायलाही माणूसच लागतो, आणि तो गावातूनच येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूच्या चांगल्या फुटव्यासाठी छाटणी होते, आगी लावल्या जातात, म्हणून तिथल्या लोकांनी तेंदूपत्त्याचं हमखास उत्पन्न सोडलं आणि बांबूवर भर दिला. माझ्या सूत्रात असं गाव केवळ जवळ आहे म्हणून जंगलाला धोका ठरलं असतं.

आता मी ठिपके मोजण्याआधी जाळरेषा वेगळ्या काढते आणि लागून असलेले ठिपके एक आग धरते. सेंटिनेल-2 च्या चित्रांतून जळालेल्या जमिनीचे डाग वीस मीटरपर्यंत बारकाईने काढता येतात, त्यांच्याशी ते ताडून पाहते. अंगारी कुठे किती होते ही नोंद मिळाल्याशिवाय कुठल्याही कक्षाला कमी धोक्याचा म्हणत नाही. आणि मोहाची झाडं गावकऱ्यांबरोबर फिरून नकाशावर घेते, कारण झाडाखाली जाळी अंथरली की पाचोळा जाळायची गरजच राहत नाही. ब्लोअरच्या आधी या जाळ्या कुठे पोहोचायला हव्यात, ते त्यावरून कळतं.

एक प्रश्न मात्र याच कामातून उभा राहिला. राखीव वनात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. मोहाचं झाड, ते वेचणारं घर आणि तिथली जळालेली जागा एकाच नकाशावर आली, तर उद्या त्यावरून कोणाच्याही दारात चौकशी जाऊ शकते. म्हणून झाडांची नोंद ग्रामसभेकडेच राहते. कार्यालयाला मी प्रत्येक कक्षात किती जाळ्या लागतील एवढाच आकडा देते. अधिकारी अधूनमधून मूळ थर मागतात. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय तो देता येणार नाही, असं मी लेखी कळवलं आहे.