नाना आणि डॉली

काही वस्तू माणूस विकत घेतो, काही भेट मिळतात आणि काही गळ्यात पडतात. विकत घेतलेल्या वस्तूची पावती असते, भेट मिळालेल्या वस्तूची आठवण असते आणि गळ्यात पडलेल्या वस्तूला फक्त जागा लागते. आमच्याकडची होडी या तिसऱ्या जातीची. तिला १४ फूट जागा लागत होती.

आता भल्या मराठी माणसाच्या घरी होडी कशाला, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. आमच्या सात पिढ्यांत कोणी पाण्यावरून प्रवास केला असेल तर तो मुळेच्या पुलावरून. पण मी राहतो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या कडेला. इथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी भरतात ११,८४२. आपला माल कमी करून सांगणारं दुसरं सरकार माझ्या तरी पाहण्यात नाही. एवढं पाणी असल्यावर पुण्यात जशी घरटी सायकल असायची तशी इथे घरटी होडी असते.

शेजारचे आजोबा वृद्धाश्रमात राहायला निघाले तेव्हा त्यांच्या परसातली होडी आमच्याकडे आली. अॅल्युमिनियमची, मासे धरायची, १९६६ सालची. तिच्यात दोन खारी, एक मुंग्यांचं वारूळ आणि हातभर गवत असा संसार होता. आजोबा म्हणाले, "चांगली आहे. थोडं काम आहे, इतकंच." घरदुरुस्तीचे कंत्राटदार आणि स्थळं सुचवणारे मध्यस्थ हे वाक्य नेमकं याच स्वरात म्हणतात.

आमच्या हिने होडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हे एवढं मोठं जर्मनचं पातेलं ठेवायचं कुठे?"

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्याला जुन्या बायका जर्मनचं भांडंच म्हणतात आणि पितळेनंतर त्याला स्वयंपाकघरात जरा खालच्या फळीवर बसवतात. वास्तविक या धातूने फार चांगले दिवस पाहिले आहेत. १८८४ साली वॉशिंग्टनच्या उंच स्मारकाचं अगदी वरचं टोक बसवलं ते अॅल्युमिनियमचं, कारण तेव्हा तो दुर्मिळ आणि महाग होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, तो विजेने स्वस्तात काढायची युक्ती शोधली आणि बिचारा स्मारकाच्या टोकावरून थेट चहाच्या भांड्यात आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याची विमानं झाली. युद्ध संपलं तसे पत्रा जोडणारे हात रिकामे झाले. लढाऊ विमानं करणाऱ्या ग्रमन कंपनीने अॅल्युमिनियमच्या होड्या काढल्या. मिनेसोटातही असे कारखाने निघाले. न्यूयॉर्क मिल्स नावाच्या इथल्या एका गावातला लुंड यांचा कारखाना १९४८ चा.

हे १९४८ साल जरा लक्षात ठेवा. त्याच वर्षी १ जूनला आपल्याकडे पुण्याहून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) पहिली एस.टी. सुटली. एस.टी.चा आणि आमच्या होडीचा संबंध काय, हे मलाही २०१९ च्या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. त्या महिन्यात नाना आले.

नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच इकडे आले होते, सहा महिन्यांसाठी. अमेरिकेत मुलाकडे आलेल्या आईवडिलांचे सहा महिने कसे जातात, ते ज्यांचे गेले त्यांनाच ठाऊक. पहिल्या दिवशी फ्रीज पाहून होतो, दुसऱ्या दिवशी तळघर. तिसऱ्या दिवसापासून खिडकी. नाना खिडकीत बसून रस्ता बघायचे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "इथे माणसं कुठे ठेवतात?" आठव्या दिवशी विचारलं, "तिकीट अलीकडचं मिळेल का रे?"

त्यातून नानांना कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र आहे, पण ते कपाटात असतं. "लागेल तेव्हा लावीन" म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात लहानपणापासून ओरडून सांगता येईल तेवढंच बोलणं व्हायचं. जेवायला चला. फीचे पैसे हवेत. पास झालो. ओरडून कोणी मनातलं सांगत नाही. खिडकीतल्या नानांना मी ओरडून काय सांगणार होतो? करमेल हळूहळू?

नवव्या दिवशी सकाळी खिडकी रिकामी दिसली. आम्ही घाबरून बाहेर धावलो. नाना परसात होडीच्या कडेवरून बोट फिरवत उभे होते. मग त्यांनी वाकून बोटाच्या पेराने पत्रा वाजवला आणि मला म्हणाले, "बॉडी बरी आहे रे. रिबिटं सैल झालीत."

नाना १९६६ ते २००१ अशी पस्तीस वर्षं दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात होते. बसच्या सांगाड्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून बसवायचे, हे त्यांचं काम. रिव्हेटला ते रिबीट म्हणतात. ज्याने लाखांनी मारले त्याला तेवढा हक्क आहे. कान गेले ते त्या आवाजात. हे मला माहीत होतं, पण 'वडिलांचा व्यवसाय : नोकरी' या फॉर्मातल्या रकान्याइतकंच. मला त्यांनी वर्कशॉपच्या फाटकाच्या आत कधी नेलं नाही. "तुझं काम पुस्तकात," म्हणायचे. मी पुस्तकातून कॉम्प्युटरात गेलो आणि तिथून मिनेसोटात.

"दुरुस्त होईल?" मी ओरडून विचारलं.

"डॉली आहे का?"

"कोण?"

"डॉली रे, डॉली! पस्तीस वर्षं डॉली हातातून सोडली नाही मी. डॉलीशिवाय काही जमायचं नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून भांडं पडल्याचा आवाज आला. त्या दिवशी हिने मला बाजूला घेऊन विचारलं की सासूबाईंना हे माहीत होतं का.

डॉली म्हणजे पोलादाचा एक ठोकळा, एवढंच. रिव्हेट भोकातून घालायचा. एकाने बाहेरून त्याच्या डोक्यावर हातोडा मारायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने आतून शेपटाला डॉली टेकवून धरायची, म्हणजे शेपूट चेपून फुगतं आणि दोन पत्रे एकमेकांना सोडत नाहीत. डॉली धरणारा नसेल तर हातोडा नुसता पत्रा बडवतो. मी बाजारातून पॉप रिव्हेटचं पाकीट आणलं होतं. हा रिव्हेट एकट्याला एकाच बाजूने मारता येतो. नानांनी एक हातात घेऊन उजेडात धरला, आरपार पाहिलं आणि परत दिला. "पोकळ आहे," म्हणाले. "दोन बाजूंनी दोन माणसं लागतात रे, त्याशिवाय पाणी अडत नाही." डॉली मिनियापोलिसच्या भंगारातून आली, दोन किलोंची. नानांनी ती तळहातावर तोलली आणि त्या क्षणापासून त्यांनी खिडकीचा राजीनामा दिला.

होडी कुठे गळते हे शोधायची रीत मोठी गमतीची आहे. होडीत बाहेरचं पाणी येऊ नये म्हणून आपणच आत पाणी भरायचं. नानांनी ती दोन घोड्यांवर ठेवली, चार बोटं पाणी ओतलं आणि खडू घेऊन खाली स्टुलावर बसले. जिथे थेंब दिसेल तिथे गोल. नवं मडकं घेताना आई असंच करायची. रस्त्याने जाणारे अमेरिकन थांबून पाहत. तळ्यांनी भरलेल्या राज्यात आम्ही तळं होडीत घालून बसलो होतो. संध्याकाळी मोजणी झाली : त्रेसष्ट गोल.

मागची फळी, जिच्यावर मोटार बसते, ती आतून कुजून शेणखत झाली होती. ती बदलायला दुकानात दोन तऱ्हांचं प्लायवूड होतं. एक कुजू नये म्हणून औषध पाजलेलं, दुसरं साधं. औषधाचं लाकूड घरासाठी उत्तम, पण त्यात तांबं असतं आणि ओलीत तांब्याची संगत लागली की अॅल्युमिनियमला भोकं पडतात. "दोघं कोरड्यात गुण्यागोविंदाने राहतात," नाना म्हणाले. "तिसरा पाणी मध्ये पडला की भांडण." म्हणून आम्ही साधं जलरोधक प्लायवूड घेतलं आणि त्याला सगळ्या अंगांनी इपॉक्सी पाजली. बाकांखालच्या खणांतला फोमही बदलला. होडीत पाणी शिरलं तरी ती तरंगावी म्हणून तो असतो. आमचा फोम स्वतःच पन्नास वर्षं पाणी पिऊन बसला होता. घासायला लोखंडी ब्रश नानांनी हातात घेऊ दिला नाही. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि मग तिथूनच पत्रा खायला लागतो.

मग रिव्हेट. होडी उंच घोड्यांवर उपडी ठेवली. खाली, तिच्या पोटात, स्टुलावर नाना आणि डॉली. वर मी आणि हातोडा. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. मी कानांवर आवाज अडवणारी ती मोठी टोपडी चढवली आणि नानांनाही दिली. त्यांनी ती परत केली. "आता काय राहिलंय वाचवायला?"

हिने ती त्यांच्या कानांवर स्वतःच्या हाताने बसवली. सुनेपुढे त्यांचं चालत नाही.

आता मला ऐकू येईना आणि त्यांना तर येतच नव्हतं. तेव्हा नानांनी वर्कशॉपची भाषा शिकवली. डॉलीने खालून एक टिचकी : अजून मार. दोन टिचक्या : झालं, पक्कं. तीन : हा काढून टाक, नवा घाल. शब्द नाही. पत्र्यातून हाताला कळायचं.

पहिल्या दिवशी मला तीन टिचक्याच फार मिळाल्या. दुसऱ्या दिवशी एक. आणि मग कधीतरी, विसाव्या की एकविसाव्या रिव्हेटला, खालून दोन आल्या. टक, टक. माझ्या पदवीच्या निकालाला नाना "बरं" एवढंच म्हणाले होते. या दोन टिचक्या मला त्यापेक्षा लांबलचक वाटल्या.

जून गेला, जुलै आला. दरवर्षी तुकोबांची पालखी दापोडीवरून जाते, ती चुकली म्हणून नाना एक दिवस गप्प होते. आषाढीला उपास करून त्यांनी सात रिव्हेट मारले आणि होडीच्या पोटातून अभंगाचं गुणगुणणं वर येत राहिलं. हिने विचारलं, "नाना, ही तरंगेल ना?" म्हणाले, "सूनबाई, इंद्रायणीत गाथा तरली. ती तर कागदाची होती."

मध्येच चहाला बसलो की ते बोलायचे. कानातलं यंत्र आता लागायचं, कारण मी विचारत होतो. उन्हाळ्यात पत्रा कसा चटके द्यायचा. नव्या पोराला पहिले सहा महिने फक्त डॉली कशी धरायला लावायचे, कारण हातोडा कोणीही मारतो. रस्त्यात एखादी बस दिसली की ती आपल्या हातची, हे रिव्हेटांच्या ओळीवरून कसं ओळखू यायचं. "तुला आठवतं? आपण पंढरपूरला गेलो होतो, मी सारखा खिडकीखाली हात लावून बघत होतो."

मला आठवत होतं. नाना प्रवासभर पत्र्याला हात का लावतात याची मला तेव्हा लाज वाटायची.

रंगाचा प्रश्न सोपा होता. अॅल्युमिनियमला हवा लागली की लगेच त्याच्यावर एक बारीक साय धरते आणि तिच्यावर रंग टिकत नाही. म्हणून घासल्याबरोबर त्याला धरून ठेवणारं अस्तर लावावं लागतं. अस्तर लावलं. वरचा रंग कोणता, यावर चर्चा झालीच नाही. एस.टी.चा लाल. पुढे दोन्ही अंगांना सरकारी नंबर, कायद्याप्रमाणे निदान तीन इंच उंचीच्या अक्षरांत. नानांनी तो इतका सरळ रेखला की आता पाटी तेवढी राहिली असं वाटावं : दापोडी ते मिनियापोलिस, मार्गे अरबी समुद्र.

ऑगस्टमध्ये होडी तळ्यात सोडली. शेजारचे आजोबा वृद्धाश्रमातून मुद्दाम आले. तेही कमी ऐकतात. दोघं म्हातारे काठावरच्या बाकावर बसले. एक इंग्रजीत, एक मराठीत. दोन तास उत्तम गप्पा झाल्या. कोणीही कोणाचं वाक्य तोडलं नाही. शेवटी आजोबांनी मला विचारलं, "तुझे वडील कोणते मासे धरणार?" आता गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी कोणते मासे धरणार? मी नानांना ओरडून सांगितलं. नाना म्हणाले, "त्यांना सांग, आम्ही पॅसेंजर नेतो."

मधोमध गेल्यावर मी मोटार बंद केली. नानांनी तळाशी हात लावून पाहिलं. पुढे, मागे, बाकाखाली. मग हात धोतराला पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं.

ऑक्टोबरात नाना निघाले. अलीकडचं तिकीट त्यांनी परत मागितलं नव्हतं. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला. मिठी मारणं आमच्या घराण्यात नाही. नाना काही बोलले नाहीत. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला आणि बोटाच्या पेराने पाठीवर वाजलं. टक, टक.

ते काचेपलीकडे गेल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाले?"

"पक्कं आहे म्हणाले. गळत नाही."

हिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पर्समधून रुमाल काढून पुढे केला.