आवाज कुठे अडला?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले आणि पंचवटीतल्या माझ्या मामांच्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ११ चढेना. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून मामा स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्राम. त्याच्या भरवशावर ते पत्रं लिहितात, बातम्या ऐकतात, विजेचं बिल भरतात. चांगलं चालणारं मशीन भंगारात कशाला द्यायचं, म्हणून आम्ही त्यावर विंडोजऐवजी उबंटू ही कार्यप्रणाली टाकायचं ठरवलं. मला संगणकावर मराठी टाइप करता येतं, त्यापलीकडे काही येत नाही.

उबंटूत ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो. विंडोजचं चिन्ह असलेली की, ऑल्ट आणि एस एकदम दाबलं की तो सुरू होतो. दाबलं. शांतता. "अगं, पडद्यावर काही दिसतंय का?" मामांनी विचारलं. पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं. मला सगळं दिसत होतं आणि मामांना काहीच मिळत नव्हतं.

वाचत गेले तेव्हा कळलं, की ऑर्का स्वतः बोलतच नाही. काय बोलायचं ते तो ठरवतो आणि स्पीच डिस्पॅचरला देतो. हा मधला निरोप्या. तो मजकूर ईस्पीक एनजीकडे सोपवतो आणि तिथे अक्षरांचा आवाज तयार होतो. तो आवाज पाइपवायरकडे येतो, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करून वाटणाऱ्याकडे. तिथून साउंड कार्डशी बोलणारा अल्सा, मग साउंड कार्ड, मग स्पीकर. शेताच्या टोकाला पाणी पोचलं नाही तर चारीच्या कडेकडेने वर चालत जावं लागतं, तसंच इथेही करायचं होतं.

म्हणून स्पीकरपासून सुरुवात केली. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून 'स्पीकर-टेस्ट' चालवलं. त्यातून नुसती खरखर ऐकू यायला हवी; तीही येईना. सेटिंगमध्ये आवाजाच्या पानावर गेले तर आवाज एचडीएमआयच्या वायरीने मॉनिटरकडे चालला होता, आणि या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. ते बदलून 'लाइन आउट' केलं आणि खोलीभर खरखर झाली. मामा हसले, "चला, घसा तरी आहे!"

खरखर आली तरी ऑर्का गप्पच. मग ईस्पीकला परस्पर, मराठी आवाज निवडून, 'नमस्कार' म्हणायला लावलं. तो म्हणाला! मामा ताडकन सरळ बसले. "हा तर आपलाच!" विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ते हाच आवाज वापरायचे. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एकॉर्न संगणकांसाठी ज्याची सुरुवात केली, त्याच प्रोग्रामचा हा वंशज. मला तो कोरडा, पत्र्यासारखा वाटतो. मामांना मात्र तोच हवा असतो, कारण वेग कितीही वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात.

म्हणजे अडलं होतं मधे. 'एसपीडी-से' हा हुकूम स्पीच डिस्पॅचरमार्फत बोलायला लावतो. तोही मुकाच राहिला. निरोप्याच अडकून पडला होता. त्याची चालू प्रक्रिया बंद केली. कुणी बोलायला सांगितलं की ती आपोआप पुन्हा उभी राहते. ऑर्का नव्याने सुरू केला आणि तो बोलायला लागला.

मला वाटलं, संपलं. मामांना तसं वाटलं नाही. "पहिलं अक्षर खातोय तो. आणि त्याच्या आधी 'टक्' होतं." मला टक् ऐकूच आलं नव्हतं. त्यांनी मुद्दाम एकेक शब्द लिहून, मधे थांबून, वाचून घेतला. 'अयशस्वी' लिहिलं, ऐकू आलं 'यशस्वी'. 'असुरक्षित'चं झालं 'सुरक्षित'. बिल भरताना एवढा एक स्वर गळला तर माणूस पैसे पोचले असं समजून उठेल.

कारण मामांच्या त्या 'टक्'मध्येच होतं. पाचेक सेकंद कुठलाच आवाज नसला की वीज वाचवण्यासाठी कार्ड झोपवलं जातं. बोलणं सुरू झालं की ते जागं होतं, तेव्हा टक् होतं, आणि जागं होईपर्यंत पहिलं अक्षर निघून गेलेलं असतं. गाणी ऐकणाऱ्याला यात काही बिघडल्यासारखं वाटत नाही. ही झोप दोन ठिकाणी बंद करावी लागली: पाइपवायरच्या सोबतीला असलेल्या वायरप्लंबरमध्ये आणि साउंड कार्डच्या ड्रायव्हरच्या 'पॉवर सेव्ह' या कलमात, जिथे शून्य लिहायचं असतं. 'अयशस्वी' पूर्ण ऐकू आलं तेव्हा मामांनी ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. आवाज गेला तर तो दुरुस्त करायची सगळी साधनं डोळ्यांनी बघायची आहेत. मामा एकटे असते तर त्यांना एचडीएमआयची ती ओळ कोण वाचून दाखवणार होतं? म्हणून आता त्यांच्याकडे यूएसबीचा हेडफोन ठेवला आहे. त्याच्यात स्वतःचं साउंड कार्ड असतं, त्यामुळे आतलं कार्ड रुसलं तरी दुसरा रस्ता असतो.

तुम्ही कुणा अंध माणसासाठी असा संगणक तयार करत असाल, तर आवाज आला एवढ्यावर उठू नका. थोडा वेळ शांतता जाऊ द्या, मग एक शब्द वाचायला लावा, आणि पहिलं अक्षर आलं का ते त्यांनाच विचारा.