थांबल्यावर दिसलेलं जग

पॅरिसमध्ये एक नावाजलेले छायाचित्रकार डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांची खात्री झाली होती की आपल्याला काहीतरी गंभीर झालं आहे. शरीरात जागोजागी जंतुसंसर्ग, अंगात त्राण नाही, मन कशातच रमत नाही. डॉक्टरांनी कसून तपासणी केली. मोठा आजार कुठलाच सापडला नाही. पण डॉक्टरांनी जे सांगितलं, ते औषधापेक्षा कडू होतं. तुम्ही इतके मृत्यू पाहिलेत, की आता तुम्ही स्वतःच मरणाच्या वाटेला लागला आहात. थांबा, नाहीतर जगणार नाही!

हे रुग्ण म्हणजे ब्राझीलचे सेबास्तियाओ साल्गादो. थांबणं हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. शिक्षणानं ते अर्थतज्ज्ञ. लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत चांगल्या पगाराची नोकरी होती. पत्नी लेलिया यांनी वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठी एक कॅमेरा विकत घेतला. तो साल्गादोंच्या हाती पडला आणि १९७३ मध्ये त्यांनी नोकरीच सोडली. मग सुरू झाली जगभराची भटकंती. १९८६ मध्ये ब्राझीलच्या सेरा पेलादा या सोन्याच्या खाणीत चिखलानं माखलेल्या हजारो मजुरांची त्यांनी काढलेली छायाचित्रं जगभर गाजली. आपल्या मुंबईतही ते आले होते. १९९५ मधलं त्यांचं चर्चगेट स्थानकाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या आणि त्यांच्यामधून पाण्याच्या लोंढ्यासारखी वाहणारी माणसं!

पण १९९४ मध्ये त्यांनी रवांडा पाहिलं. सुमारे शंभर दिवसांत तिथे काही लाख माणसांची कत्तल झाली. रोज हजारोंनी पडणारी प्रेतं आणि निर्वासितांचे हाल टिपता टिपता माणूस या प्राण्यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. जे डोळे त्यांचं भांडवल होते, त्यांनाच काही पाहावंसं वाटेना. डॉक्टरांनी ‘थांबा’ म्हटलं ते या अवस्थेत.

साल्गादोंनी ऐकलं. फोटोग्राफीचाच उबग आला होता. ते निघाले ते थेट आपल्या जन्मगावाकडे, मिनास जेराइस राज्यातल्या आयमोरेसला. थकलेल्या आईवडिलांनी घरची सुमारे ७०० हेक्टर जमीन या दांपत्याच्या हवाली केली. लहानपणी जिथे अर्ध्याहून अधिक घनदाट जंगल होतं, तिथे आता उघडेबोडके डोंगर होते. झाडं तोडून गुरं चारली, पावसानं माती वाहून नेली, झरे आटले. साल्गादो पुढे सांगत, की ती जमीनही त्यांच्याइतकीच मेलेली होती.

तेव्हा लेलिया यांनी एक साधी वाटणारी गोष्ट सुचवली. इथे पूर्वी जे जंगल होतं, तेच पुन्हा लावलं तर? १९९८ मध्ये दोघांनी ‘इन्स्टिट्यूटो टेरा’ ही संस्था काढली आणि पुढच्या वर्षी लागवड सुरू झाली. सुरुवातीला बरीच रोपं जगली नाहीत. त्या मातीत दमच राहिला नव्हता. पण हे काम घाईनं होणारं नव्हतंच. रोप जगलं तर जगलं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावायचं. कॅमेऱ्याची कळ दाबली की क्षण पकडला जातो, झाडाला मात्र त्याचा वेळ द्यावा लागतो. हळूहळू सावली आली, पाखरं आली, आटलेले झरे वाहू लागले. आजवर तिथे वीस लाखांहून अधिक झाडं लावली गेली आहेत.

आणि या झाडांबरोबर साल्गादोंच्या मनातही पुन्हा पालवी फुटली. फोटो काढावेसे वाटू लागले. पण आता विषय वेगळा होता. आयुष्यभर त्यांनी माणूस नावाचा एकच प्राणी टिपला होता. आता त्यांना पाहायचे होते इतर जीव, डोंगर, समुद्र आणि अजून निसर्गाच्या कुशीत राहणारी माणसं. २००४ मध्ये, साठाव्या वर्षी, ते या कामाला निघाले. गॅलापॅगोस बेटांवर एका महाकाय कासवाचा फोटो घ्यायचा होता. ते जवळ गेले की कासव दूर सरके. मग साल्गादोंना उमगलं. माणसांचे फोटो घेताना आपण आधी ओळख करून देतो, मग इथे का नाही? ते चक्क गुडघ्यांवर आणि तळहातांवर रांगत कासवाच्या उंचीला आले. कासव थबकलं. पुढे सरकलं, तसे साल्गादो आदरानं मागे हटले. या ओळखीत अख्खा दिवस गेला! ‘जेनेसिस’ हे या आठ वर्षांच्या भ्रमंतीचं पुस्तक २०१३ मध्ये आलं.

कासवापुढे दिवसभर रांगण्याचा हा धीर कुठून आला? रोपांनी वाढायची वाट पाहण्यात गेलेल्या त्या वर्षांतूनच तो आला असणार.

आपल्याकडे शेतकरी एखादं वर्ष रान पड ठेवतो. त्याला कुणी आळशी म्हणत नाही. जमिनीचा कस परत यायला हवा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण घरातली बाई दुपारी घटकाभर टेकली किंवा कमावत्या माणसानं आठवडाभर रजा काढली, की त्यांचं त्यांनाच अपराधी वाटतं. सालगड्यालाही मिळतो तेवढा विसावा आपण स्वतःला देत नाही. साल्गादोंसारखी शेकडो हेक्टर जमीन प्रत्येकाकडे नसते, हे खरं. कित्येकांना रजाही परवडत नाही. पण साल्गादोही नुसते पडून राहिले नव्हते. ज्या कामानं त्यांना पोखरलं होतं ते बाजूला ठेवून, त्यांनी मातीत हात घातले. एवढा बदल गॅलरीतल्या दोन कुंड्याही देऊ शकतात.

२०२४ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, साल्गादोंनी पुन्हा एकदा थांबायचं ठरवलं. आता भटकंती पुरे, काढून ठेवलेली हजारो छायाचित्रं निवांत पाहायची, निवडायची. या खेपेला डॉक्टरांनी सांगावं लागलं नाही. २३ मे २०२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. आयमोरेसच्या डोंगरांवर मात्र पावसाळ्यात नवी रोपं लावली जातात, आणि ती आपल्याच गतीनं वाढतात.