कृष्णविवरातला उद्या

जेद्दाच्या बलद या जुन्या वस्तीतली घरं प्रवाळी दगडांची; वर रोशनांच्या, म्हणजे लाकडी जाळीदार खिडक्यांच्या रांगा. मुंबईहून बोटीने निघालेले कोकणातले हाजी जेद्दाच्याच बंदरात उतरत. त्या काळी इथे सूर्यास्त झाला की घड्याळ बारावर लावत. सूर्यास्त रोज सरकतो, गावागणिक बदलतो, म्हणून वेळही ज्या त्या गावाची. मला ही रीत मनापासून आवडते. तिच्यात वेळ जागेला धरून असते.

ही रीत मात्र माणसांनी ठरवलेली होती. आइन्स्टाइनने 1907 साली मांडलेलं सत्य निसर्गाचं आहे: गुरुत्व जास्त, तिथे काळच हळू चालतो. बलदच्या बोळांत वाट दाखवणारा फोन ज्या उपग्रहांवर विसंबतो, त्यांची घड्याळं, वेगाचा परिणाम वजा करूनही, जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. या फरकाची दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात नकाशा कित्येक किलोमीटर चुकेल.

कृष्णविवरापाशी हाच फरक टोकाला जातो. आत पडणाऱ्याचं घड्याळ दुरून पाहणाऱ्याला मंदावत जाताना दिसतं. त्याचा प्रकाश तांबडा होत विझतो, पण त्याने क्षितिज, म्हणजे जिथून परत येता येत नाही ती सीमा, ओलांडलेलं कधीच दिसत नाही. पडणाऱ्याचं स्वतःचं घड्याळ मात्र नेहमीसारखंच टिकटिकत असतं. विवर प्रचंड असेल, तर सीमा कधी मागे पडली तेही त्याला कळत नाही. खरं कुणाचं? दोघांचंही.

आत जे घडतं, त्याने मी अजून थक्क होतो. बलदच्या बोळात वाट चुकली तर मागे फिरता येतं. क्षितिजाच्या आत केंद्राकडची दिशाच भविष्याची दिशा होते. केंद्र ही समोरची जागा उरत नाही, ती येणारी वेळ असते. तिला वळसा घालता येत नाही. आकाशगंगेच्या मध्यातलं कृष्णविवर सुमारे 40 लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं आहे. ते फिरत नाही असं धरलं, तर आत शिरलेल्याला फार तर सुमारे एक मिनिट मिळेल. कितीही जोराचं इंजिन लावलं तरी ही मुदत वाढत नाही.

हे गणित आपल्याला परकं नाही. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर काशीला सापेक्षता शिकवत. त्यांच्याबरोबर काम केलेल्या प्र. चु. वैद्यांनी 1943 साली प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचं समीकरण सोडवलं. पुढे दोन कृष्णविवरांच्या मिलनातून उठलेली गुरुत्वीय लाट 14 सप्टेंबर 2015 रोजी पृथ्वीवर टिपली गेली. अशा लाटा गोंगाटातून वेचण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं आधीपासून राबत होते.

आता अशा लाटा टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्र सरकारने तिला 2023 साली मंजुरी दिली. मराठवाड्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: ती उभी राहण्याची वाट पाहू नका. काळ सगळीकडे सारखा चालत नाही, हे आठवी-नववीच्या मुलांना आजच सांगा, आणि त्यांचे प्रश्न संपेपर्यंत तास संपवू नका.